लिफ्ट केल्यानंतर मागच्या अ‍ॅक्सलची भूमिती: पाच दारांच्या जिम्नीच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच दारांच्या मारुती सुझुकी जिम्नीला गाडीची उंची ५० मिलिमीटरने वाढवणारे लिफ्ट किट बसवले. त्यात उंच स्प्रिंग आणि लांब शॉक अ‍ॅब्झॉर्बर एवढेच बदलले. तेव्हापासून ताशी ८० ते ९० किलोमीटरच्या दरम्यान मागून घुमल्यासारखा आवाज येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की त्याचा सूर बदलतो. मागचे एका बाजूचे चाक दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त बाहेर डोकावते. घाटात डाव्या वळणावर गाडी जशी वागते तशी ती उजव्या वळणावर वागत नाही. किट बसवणाऱ्याने मात्र ‘५० मिलिमीटरला बाकी काही करावे लागत नाही’ असे सांगितले आहे. आता नेमके काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने दुरुस्त करावे?

या तिन्ही तक्रारी एकाच गोष्टीतून आलेल्या आहेत. स्प्रिंग फक्त गाडीचे वजन पेलते; अ‍ॅक्सल कुठे राहील हे ठरवण्याचे काम आर्म आणि रॉड करतात. जिम्नीच्या मागच्या अखंड अ‍ॅक्सलला दोन ट्रेलिंग आर्म आणि एक आडवा लॅटरल रॉड आहे, ज्याला पॅनहार्ड रॉड असेही म्हणतात. चॅसिस ५० मिलिमीटर वर गेली, पण या तिघांची लांबी तेवढीच राहिली, त्यामुळे अ‍ॅक्सल स्वतःभोवती थोडा फिरला, थोडा बाजूला सरकला आणि किंचित पुढे आला. लिफ्टची उंची किती यापेक्षा या हालचाली किती झाल्या आणि त्यांतली कोणती परत घ्यायची, हा खरा प्रश्न आहे. ते मोजल्याशिवाय एकही नवीन भाग विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी अ‍ॅक्सलच्या फिरण्याबद्दल, कारण आवाजाचे मूळ बहुधा तिथेच आहे. जिम्नीचा प्रत्येक ट्रेलिंग आर्म पुढच्या टोकाला चॅसिसला एका बुशने (रबर भरलेल्या नळीने) आणि मागे अ‍ॅक्सलला दोन बुशांनी धरलेला असतो. या दोन बुशांमुळे आर्म आणि अ‍ॅक्सल हौसिंग (अ‍ॅक्सलचे कवच) जवळजवळ एकसंध होतात. चॅसिस वर गेली की आर्मचे पुढचे टोक वर जाते आणि त्याच्याबरोबर हौसिंग फिरून पिनियनचे, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ज्याला जोडतात त्या दातेरी दांड्याचे, नाक वर होते. किती, ते साध्या त्रिकोणमितीने काढता येते. पुढच्या बोल्टपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत आर्म ७५० मिलिमीटर धरला, तर ५० मिलिमीटर लिफ्टला पिनियन सुमारे ३.८ अंश वर फिरतो. हा आकडा उदाहरणापुरता आहे. आपल्या गाडीचे अंतर टेपने मोजून घ्यावे.

याच वेळी प्रोपेलर शाफ्टचाही उतार वाढतो, कारण ट्रान्सफर केस, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या शाफ्टकडे पाठवणारी गियरपेटी, चॅसिसबरोबर वर गेलेली असते. शाफ्ट १००० मिलिमीटर धरला तर हा बदल सुमारे २.९ अंशांचा होतो. दोन्ही टोकांना साधे यूजे क्रॉस, म्हणजे कोनात फिरू शकणारे सांधे, असलेल्या शाफ्टचा नियम असा, की दोन्ही क्रॉसवरचे कोन सारखे हवेत. साधा क्रॉस कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर ही चढउतार तिथे मिटून जाते. आपल्या उदाहरणात ट्रान्सफर केसकडचा कोन २.९ अंशांनी वाढला, तर पिनियनकडचा उलट ०.९ अंशांनी कमी झाला. दोन्हींतला फरक ३.८ अंश, म्हणजे पिनियन जेवढा फिरला नेमका तेवढाच. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे: मूळ गाडीत कोन सारखे असतील, तर लिफ्टनंतरचा फरक शाफ्टच्या लांबीवर अजिबात अवलंबून नसतो, तो केवळ आर्मच्या फिरण्यावर ठरतो. हा फरक एका अंशाच्या आत असावा, असा सर्वमान्य संकेत आहे.

हा आवाज शाफ्टचाच आहे की टायरचा, हे ओळखण्याची एक खूण आहे. कंपनीचे १९५/८० आर१५ टायर असतील तर ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण दहा फेरे करते. डिफ्रन्शियलचे (शाफ्टचा जोर दोन चाकांना वाटणाऱ्या गियरपेटीचे) गुणोत्तर चारच्या आसपास असल्यामुळे शाफ्ट चाळीसच्या वर फेरे करतो आणि क्रॉसचा दोष प्रत्येक फेऱ्यात दोनदा उमटत असल्यामुळे सेकंदाला ऐंशीहून अधिक धक्के तयार होतात. इतके जलद धक्के थरथरीपेक्षा घुमणाऱ्या आवाजासारखे ऐकू येतात आणि सीटखालच्या पत्र्यात जाणवतात. चाकाच्या असंतुलनाची थरथर सेकंदाला दहा धक्क्यांची असते. ती शरीराला हलल्यासारखी जाणवते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्याने बदलत नाही. आपल्या वर्णनावरून पहिलाच प्रकार दिसतो. खात्री करायची असेल तर जिम्नी ही पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह असल्यामुळे मागचा प्रोपेलर शाफ्ट उतरवून, फोर-हाय लावून, म्हणजे फक्त पुढच्या चाकांच्या जोरावर, मोकळ्या मातीच्या सरळ रस्त्यावर थोडे अंतर चालवून पाहता येते. आवाज गेला तर दोष शाफ्टमध्ये किंवा त्याच्या कोनात आहे. शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करावी आणि तो त्याच खुणेवर परत बसवावा. दोन तुकड्यांमधला स्प्लाइन सुटला तर तोही त्याच दातावर जोडावा. दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहिले नाहीत, तर कोन अचूक असूनही गाडी थरथरेल.

कोन मोजताना गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर वजन घेऊन उभी असली पाहिजे. टायरमधली हवा सारखी हवी आणि प्रवासात नेहमी असते तेवढे सामान आत असावे. गाडी दोन खांबी लिफ्टवर चढवून, चाके लोंबकळत असताना घेतलेल्या मापांचा काहीही उपयोग नाही. डिजिटल अँगल गेज तीन ठिकाणी लावावा: ट्रान्सफर केसच्या आउटपुट फ्लँजवर, शाफ्टच्या नळीवर आणि पिनियनच्या फ्लँजवर. फ्लँजचा मशीन केलेला पृष्ठभाग आधी तारेच्या ब्रशने घासून घ्यावा. वाळलेल्या चिखलाचा पातळसा थरही अर्ध्या अंशाची चूक देतो. शाफ्ट नीट पाहून घेणेही आवश्यक आहे. एका टोकाला दुहेरी क्रॉसचा, म्हणजे डबल कार्डनचा, सांधा बसवलेला असेल तर वरचा समान कोनांचा नियम लागू होत नाही; तेव्हा पिनियनने सरळ शाफ्टच्या रेषेकडेच पाहायचे असते.

पिनियन खाली आणण्याचे तीन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक विकणारे क्वचितच समजावून सांगतात. पहिला मार्ग म्हणजे विकेंद्री भोकाचे बुश, ज्यांनी अ‍ॅक्सल आर्मच्या तुलनेत दोन-तीन अंश फिरवता येतो. दुसरा मार्ग म्हणजे अ‍ॅक्सलकडच्या भोकांची जागा बदलून बनवलेले नवीन आर्म. तिसरा म्हणजे आर्मचे पुढचे टोक चॅसिसवरून खाली आणणारा ड्रॉप ब्रॅकेट. पहिले दोन फक्त पिनियनचा कोन सुधारतात. आर्म तिरका झालेला असतो तो तिरकाच राहतो. तिसरा आर्मचा मूळ उतारच परत आणतो, आणि त्याचा परिणाम पिनियनपलीकडेही पोहोचतो.

आर्मचा उतार इतका महत्त्वाचा का, ते थोडे सविस्तर सांगतो. आर्मचे पुढचे टोक अ‍ॅक्सलपेक्षा बरेच उंच असेल, तर वळणावर गाडी कलताच बाहेरचे चाक वर जाताना मागेही सरकते आणि आतले चाक खाली जाताना पुढे येते. सगळा अ‍ॅक्सल त्यामुळे वळणाच्या बाहेरच्या दिशेला किंचित वळतो. याला रोल स्टिअर म्हणतात. महामार्गावर लेन बदलताना गाडीची शेपटी आपल्या मर्जीने निघाल्यासारखी वाटते आणि चालक नकळत स्टिअरिंगने तिला सावरत राहतो. याच तिरकेपणामुळे उभ्या चढावर, सुट्या मुरमावर जोर देताना मागची बाजू दबण्याऐवजी उचलली जाते आणि चाके उड्या मारू लागतात. ५० मिलिमीटरला हे दोन्ही दोष सौम्य असतात, ७५ ला स्पष्ट जाणवतात, आणि १०० मिलिमीटरला आर्मचा उतार दुरुस्त न करता गाडी महामार्गावर नेणे मला धोक्याचे वाटते.

मग ड्रॉप ब्रॅकेटच का लावू नये? कारण तो मागच्या चाकांच्या पुढे, चॅसिसच्या खाली लोंबतो आणि लिफ्टने मिळवलेली जागा नेमकी तिथेच खातो. पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिलिमीटर आहे, तीन दारांच्या गाडीचा २२५०. लांब व्हीलबेसची गाडी खडकाची पायरी उतरताना पोटावर आधीच लवकर टेकते, आणि सर्वात आधी टेकण्याच्या जागांमध्ये हा ब्रॅकेट येऊन बसतो. शिवाय ब्रेक आणि जोर यांचा सगळा ताण त्या लांबलेल्या तरफेवर येतो, त्यामुळे दोन बोल्टवर लटकणारा बिनआधाराचा ब्रॅकेट मी कधीही सुचवणार नाही. ५० मिलिमीटरसाठी माझी पसंती सुधारित आर्मला किंवा, पैसे वाचवायचे असतील तर, विकेंद्री बुशांना आहे. पिनियन ट्रान्सफर केसच्या आउटपुटशी समांतर आणून त्याहून साधारण एक अंश खाली ठेवावा, कारण जोर पडल्यावर रबरी बुश दबून पिनियन तेवढा वर येतो.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. कोन सारखे केले तरी ते मूळच्यापेक्षा मोठेच राहतात. वरच्या उदाहरणात दोन्ही क्रॉसवर जवळपास तीन अंशांची भर कायम राहते. म्हणून क्रॉसना ग्रीस निपल असतील तर ग्रीसची मुदत निम्मी करावी, आणि सीलबंद क्रॉस असतील तर ते लवकर बदलावे लागतील हे गृहीत धरावे. पिनियन बराच काळ वर तोंड करून राहिला तर त्याच्या पुढच्या बेअरिंगला तेल कमी पोहोचते, हेही दुरुस्ती पुढे न ढकलण्याचे एक कारण आहे.

आता चाक बाहेर येण्याबद्दल. लॅटरल रॉडचे एक टोक चॅसिसला आणि दुसरे विरुद्ध बाजूला अ‍ॅक्सलला असते. चॅसिस वर गेली की रॉड जास्त तिरका होतो, त्याची आडवी लांबी कमी भरते आणि अ‍ॅक्सल रॉडच्या चॅसिसकडच्या टोकाच्या दिशेने ओढला जातो. रॉड ९०० मिलिमीटरचा आणि मूळ स्थितीत दोन टोकांच्या उंचीत ५० मिलिमीटरचा फरक धरला, तर ५० मिलिमीटर लिफ्टला अ‍ॅक्सल सुमारे ४ मिलिमीटर सरकतो, ७५ ला सुमारे ७ आणि १०० ला ११. अ‍ॅक्सल ४ मिलिमीटर सरकला की दोन बाजूंच्या मापात ८ मिलिमीटरचा फरक दिसतो, कारण एका बाजूला जेवढे वाढते तेवढेच दुसऱ्या बाजूला घटते. मोजण्यासाठी गवंड्याचा ओळंबा सर्वात उत्तम. फेंडरच्या काठावर विसंबू नये, कारण बॉडी चॅसिसवर मुळातच काही मिलिमीटर इकडेतिकडे बसलेली असू शकते. चॅसिसच्या दोन्ही बाजूंच्या एकाच भोकातून ओळंबा सोडावा आणि दोरीपासून टायरच्या आतल्या भिंतीपर्यंतचे अंतर दोन्हीकडे मोजावे.

इथे बहुतेक जण लांबी बदलता येणारा रॉड घेतात, तो फिरवून अ‍ॅक्सल मध्यावर आणतात आणि काम संपले असे समजतात. दिसायला गाडी सरळ होते, पण वळणांतला फरक तसाच राहतो, कारण रॉडचा तिरकेपणा गेलेला नसतो. तिरक्या रॉडमधून वळणाचा आडवा जोर जाताना त्याचा काही भाग उभा होतो: एका दिशेच्या वळणात तो मागची बाजू उचलतो, दुसऱ्या दिशेच्या वळणात खाली खेचतो. आपली डाव्या-उजव्या वळणाची तक्रार हीच आहे. खड्ड्यातून जाताना अ‍ॅक्सलचे बाजूला सरकणेही तिरकेपणाच्या प्रमाणात वाढते. वरच्या उदाहरणात ते सुमारे दुप्पट झाले आहे. शिवाय या बांधणीत गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो साधारण रॉडच्या मध्याशी असतो. चॅसिस ५० मिलिमीटर वर गेल्यावर रॉडचे एकच टोक वर जाते, म्हणून तो बिंदू केवळ २५ मिलिमीटर चढतो. गुरुत्वमध्य मात्र जवळजवळ पूर्ण ५० मिलिमीटर वर जातो. गाडी जास्त कलते ती या वाढलेल्या अंतरामुळे.

म्हणून मागच्या बाजूला योग्य उपाय म्हणजे रॉडचे अ‍ॅक्सलकडचे टोक लिफ्टएवढे उंच करणारा ब्रॅकेट. पुढच्या अ‍ॅक्सलला असे सरळ करता येत नाही, कारण तिथे रॉड आणि स्टिअरिंगची ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा जोर चाकांकडे नेणारी दांडी) समांतर राहावी लागते. मागे ते बंधन नाही, आणि या सवलतीचा पुरेपूर फायदा घ्यावा. ब्रॅकेट लिफ्टएवढा उंच असेल तर रॉड मूळ कोनात येतो, अ‍ॅक्सल आपोआप मध्यावर येतो, कलण्याचा बिंदू वर जातो आणि मूळ लांबीचाच रॉड पुरतो. मात्र दोन काळज्या घ्याव्यात. ब्रॅकेट उंच झाला की त्याच्या बुडाशी पिळ वाढतो, म्हणून त्याला कडेला आधारपट्टी हवी आणि तो अ‍ॅक्सल ट्यूबला एकाहून अधिक ठिकाणी धरलेला हवा. वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीचे टोक काढून, अर्थ वेल्डच्या अगदी जवळ लावून, छोटे छोटे टाके आलटून पालटून घालावेत आणि मध्ये हाताला सोसवेल इतके गार होऊ द्यावे. एका दमात ओढलेल्या वेल्डने ट्यूब त्या बाजूला आखडते, वाकते, आणि काही महिन्यांनी अ‍ॅक्सलचे ऑइल सील गळू लागते. दुसरी काळजी जागेची आहे. स्प्रिंग काढून, अ‍ॅक्सलखाली जॅक लावून, तो बंप स्टॉपपर्यंत (वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरापर्यंत) वर न्यावा आणि एकेका बाजूने तिरका करूनही पाहावा. उंच झालेला रॉड चॅसिसला, सायलेन्सरच्या नळीला किंवा इंधनाच्या टाकीला लागत असेल तर ते गॅरेजमध्येच दिसले पाहिजे.

याच वेळी अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडून ब्रेकचा रबरी होज, एबीएसची वायर, हँडब्रेकच्या केबल आणि डिफ्रन्शियलची ब्रीदर नळी ताणली जात नाही ना, ते पाहून घ्यावे. शॉक अ‍ॅब्झॉर्बर पूर्ण मिटण्यापूर्वी बंप स्टॉप टेकला पाहिजे, आणि पूर्ण उघडल्यावर स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटता कामा नये.

आर्म आणि रॉडचे बोल्ट आवळण्याची पद्धत या सगळ्या कामात सर्वाधिक दुर्लक्षित राहते. रबरी बुश हा फिरणारा सांधा नसतो. आतली नळी बोल्टने घट्ट धरली जाते आणि हालचाल रबराच्या पिळण्यातून होते. गाडी लिफ्टवर असताना, अ‍ॅक्सल लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली ठेवल्यापासून बुश कायम पिळलेलेच राहतात. ते लवकर फाटतात आणि तोवर गाडीची उंचीही मापापेक्षा काही मिलिमीटर जास्त दाखवत राहतात. आपल्या किटमध्ये बोल्ट कसे आवळले गेले हे माहीत नसेल, तर सर्वात आधी गाडी जमिनीवर उभी करून आर्म आणि रॉडचे सगळे बोल्ट सैल करावेत, मागून गाडी दोन-चार वेळा दाबून सोडावी आणि मग टॉर्क रेंचने कंपनीच्या मापाला आवळावेत. पुढची सगळी मापे त्यानंतरच घ्यावीत. या फुकटच्या कामानेही वागण्यात काही फरक पडतो.

कमानपाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्यांविषयीही विचारणा होत असते, म्हणून थोडक्यात. जिप्सीला किंवा जुन्या थारच्या मागच्या बाजूला कमानपाटे आहेत आणि त्यांच्यात अ‍ॅक्सलची जागा पाटाच ठरवतो, त्यामुळे बाजूला सरकण्याचा प्रश्न फारसा नाही. पण मागच्या टोकाला लांब शॅकल (पाटा चॅसिसला जोडणारी हलती कडी) लावून उंची घेतली तर पिनियन वर फिरतो, आणि तो पाटा व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये निमुळती पाचर घालून परत आणावा लागतो. पाट्यांत जोर पडल्यावर अ‍ॅक्सल अधिक पिळतो, म्हणून तिथे पिनियन एकाऐवजी दोन अंश खाली ठेवावा. एकावर एक ठोकळे रचून उंची कधीही घेऊ नये. ज्या जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह अ‍ॅक्सलला जोडलेला असतो, तिथे लिफ्टनंतर त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी आहे असे वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घेणे अत्यावश्यक आहे.

लिफ्ट वाढवून ७५ मिलिमीटरवर जाण्याचा विचार असेल तर तो सध्या बाजूला ठेवावा. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत डिफ्रन्शियलच्या गोळ्याखालची जागा लिफ्टने एका मिलिमीटरनेही वाढत नाही. ती फक्त मोठ्या टायरने वाढते. सह्याद्रीतल्या पावसाळी वाटांवर गाडी अडकते ती बहुतेक वेळा याच गोळ्यावर किंवा टायरच्या पकडीअभावी. त्याशिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ मापांपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लागू होते असा निर्णय दिला आहे. विमा कंपनीला काय कळवावे हे उंची वाढवण्यापूर्वी ठरवलेले बरे.

आपल्या गाडीसाठी क्रम असा ठेवावा. प्रथम बोल्ट जमिनीवर सैल करून पुन्हा आवळणे, मग कोन आणि ओळंब्याची मापे. फरक एका अंशाहून जास्त असेल तर पिनियनची दुरुस्ती, त्यानंतर लॅटरल रॉडचा ब्रॅकेट, आणि तो बसल्यावर मापे पुन्हा. शेवटी व्हील अलाइनमेंटच्या मशीनवर मागच्या अ‍ॅक्सलचा थ्रस्ट अँगल (मागची चाके गाडीच्या मध्यरेषेपासून किती तिरकी रोखलेली आहेत तो कोन) आवर्जून मागून घ्यावा. मागे जुळवण्यासारखे काही नसते म्हणून तो सहसा कोणी पाहत नाही, पण दोन आर्मच्या लांबीत किंवा विकेंद्री बुशांच्या दिशेत फरक पडला असेल तर तो तिथेच उघडा पडतो. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवावी आणि ५०० किलोमीटरनंतर ती तुटली आहे का, ते पाहावे. ज्या बोल्टवरची रेघ तुटली असेल तो केवळ पुन्हा आवळून सोडू नये. तो काढून भोक लांबोळे झाले आहे का ते तपासावे.